तांब्यातून हंड्याचा आवाज

चाळीसगावच्या एका कापड दुकानदारांनी मला विचारलं होतं, "सर, नवा ग्रह सापडला म्हणता, तर मग त्याचा खडा कोणता?"

माणूस चेष्टा करत नव्हता. शनीला नीलम, मंगळाला पोवळं, तसं ह्या नव्या पाहुण्यालाही काहीतरी लागत असणार, आणि ते वेळेवर अंगठीत बसवलेलं बरं, असा त्यांचा सरळ हिशोब. मी म्हटलं, "शेठ, हा ग्रह आपल्या सूर्याचा नाही. दुसऱ्याच ताऱ्याभोवती फिरतोय. त्याचा आपल्याला काही त्रास नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग सापडून फायदा काय?" तरी त्यांनी मला चहा पाजला आणि स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं.

माझी नोकरी जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची. पगार त्याचा. पण खानदेशात मला ओळखायचे ते 'ताऱ्यांचे सर' म्हणून. कॉलेजची दुर्बीण गोधडीत गुंडाळायची, एसटीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवायची आणि बोलावतील त्या गावी जायचं, हा माझा छंद म्हणा, खाज म्हणा. कंडक्टर विचारायचा, "तोफ आहे का?" आणि सामानाचं तिकीट फाडायचा. मला बोलायला आवडायचं. समोर माणसं बसलेली दिसली की माझी जीभ सुटायची, आणि आमची ही म्हणायची त्याप्रमाणे, एकदा सुटली की तिला आवरायला वरचे तारेच खाली यावे लागायचे.

अशा प्रवासातल्या गमती मी खूप ठिकाणी सांगितल्या आहेत. सोनगीरची गोष्ट सांगितलेली नाही. तिथे मी चोरी केली नाही, कोणाला फसवलं नाही. उलट तिथे मी गावासमोर उभं राहून प्रामाणिकपणा केला, आणि त्या प्रामाणिकपणाची मला आजपर्यंत लाज वाटते. सोनगीरला मी गेलो तीनदा. तीनही वेळा एकाच ताऱ्यासाठी.

बाहेरच्या माणसासाठी आधी थोडं शास्त्र सांगतो. कंटाळू नका, पुढची सगळी फजिती ह्याच्यावरच उभी आहे.

दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह दिसत नाही. ताऱ्याच्या झगमगाटात तो कुठल्या कुठे हरवतो. मग कळतो कसा? लहान पोराचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवून बघा. पोर मोठी फेरी मारतं, पण आपणही जागच्या जागी थोडे झुकतो, थोडे हलतो. लांबून बघणाऱ्याला पोर दिसलं नाही तरी आपलं हलणं दिसेल, आणि तो म्हणेल, ह्या माणसाच्या हाताला कोणीतरी लटकलेलं आहे. ताऱ्याच्या प्रकाशावरून तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय हे मोजता येतं. भाद्रपदांच्या चौकोनाशेजारी एक फिकट तारा आहे, जवळजवळ आपल्या सूर्यासारखाच. पंचाण्णव साली युरोपातल्या ज्योतिर्विदांनी जाहीर केलं की तो साधारण चार दिवसांच्या फेऱ्याने पुढेमागे हलतोय, म्हणजे त्याच्याभोवती एक मोठा ग्रह फिरतोय. सूर्यासारख्या ताऱ्याचा सापडलेला हा पहिलाच ग्रह.

आता दुसरी गोष्ट. तारे वाजतात. तारा म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. वरच्या थरात सारखी उकळी फुटत असते, आणि त्या धक्क्यांनी अख्खा गोळा थरथरतो. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कारण मधे हवा नाही, पण थरथर मोजता येते. सूर्याचा एक हेलकावा साधारण पाच मिनिटांचा. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं ह्या थरथरीवरून तारा केवढा, किती वजनाचा, किती म्हातारा हे ओळखता येतं. आणि ताऱ्याचं माप कळल्याशिवाय त्याच्या ग्रहाचं माप निघत नाही, म्हणून ग्रह शोधणाऱ्यांना हे वाजणं ऐकावंच लागतं. आज ह्याचा मोठा पसारा झाला आहे, आकाशात दुर्बिणी सोडल्या आहेत. आमच्या वेळी सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याच्या बाबतीत हे काम नुकतं कुठे रांगत होतं.

ह्या रांगणाऱ्या विषयावर जिचा जीव जडला होता ती सुनंदा. नशिराबादची मुलगी, बी.एस्सी.ला माझ्याकडे होती. हुशार होतीच, पण त्याहून जास्त भांडकुदळ. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो की मागून आवाज यायचा, "सर, तिथे वजा पाहिजे." मला राग यायचा. वजाच पाहिजे असायचं, त्यामुळे जास्तच यायचा. बी.एस्सी. झाली आणि तिचं लग्न सोनगीरला तांबटाच्या घरी झालं. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी नावाजलेली. सासऱ्यांचा कारखाना, घरात सकाळपासून ठोकाठोक. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं.

शहाण्णवच्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा माझ्याकडे आली. तिला जळगावला एम.एस्सी. करायचं होतं आणि पुढे ताऱ्यांच्या ह्या कंपांवरच काम करायचं होतं. नशिराबाद जळगावच्या दारात, माहेरी राहून रोज कॉलेजला येता आलं असतं. नवरा तयार होता. अडलं होतं आबांपाशी. आबा वाईट नव्हते. शिकण्याला विरोध नव्हता, पण तारे मोजायला शिकायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना उमगत नव्हतं.

"सर, तुम्ही सोनगीरला या," ती म्हणाली. "मी सांगून उपयोग नाही, मी घरची. बाहेरचा माणूस बोलला की आबांना पटतं. त्या नव्या ग्रहाचं सांगा. एवढं एक काम करा."

मला काय, बोलवायचाच अवकाश. त्याच डिसेंबरच्या थंडीत मी तोफ घेऊन धुळ्यावरून सोनगीरला उतरलो. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पलीकडे किल्ल्याची टेकडी. पुढे आबा बसलेले, पांढरी टोपी, हात कोपरापर्यंत काळवंडलेले. बायकांच्या बाजूला सुनंदा, डोक्यावर पदर, आणि पदराखालून माझ्यावर नजर, परीक्षकासारखी.

मी दुर्बिणीतून तो तारा दाखवला. आबांनी डोळा लावला आणि विचारलं, "ग्रह कोठे शे?"

"तो दिसत नाही, आबा."

"दिसत नही, मंग कळना कसा?"

मी पोराला फिरवण्याचं सांगितलं. माना डोलल्या. मग म्हटलं, आता ताऱ्याचं वाजणं दाखवतो, आबांच्या दुकानातून एक तांब्या, एक घागर आणि एक मोठा हंडा आणा. भांडी आली. मी तांब्या मुठीत घट्ट धरून टिचकी मारली. ठक्क. काही वाजेना. लोक हसायला लागले.

"सर, असा गच्च धरशात तर कसा वाजी? बोटवर धरा," आबा म्हणाले.

बोटावर धरला तेव्हा तांब्या बारीक, चढ्या आवाजात वाजला. घागर त्याहून खाली. हंडा घुमला, सावकाश, खोल. मी तिन्ही पुन्हा पुन्हा वाजवून दाखवले. म्हटलं, लहान भांड्याचा कंप भराभर, मोठ्याचा संथ, म्हणून डोळे मिटूनही कळतं भांडं कोणतं ते. ताऱ्याचंही तसंच. आबा भांड्यांचा माणूस, त्यांना हे आत कुठेतरी पोचलं. ते उठून उभे राहिले.

"जून महिनामा सूनले जळगावले धाडसू," त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. "तारा वाजाडाले शिकू दे."

आणि माझ्याकडे वळून म्हणाले की सुनेच्या नावाचा एक तांब्या घडवतो, ती एम.एस्सी. झाली की तो तुमच्या घरी पोचेल. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच, लग्नात दिलेल्या वाटीवरही मामाचं नाव असतं. पण सुनेच्या नावापुढे डिग्री कोरायची म्हणजे आबांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. बायकांच्या बाजूला बघितलं तर सुनंदा खाली मान घालून हसत होती.

इथवर गोष्ट चांगली आहे. इथेच मेलो असतो तर नाव राहिलं असतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या विभागातले चौधरी एक विज्ञान मासिक हातात घेऊन स्टाफरूममध्ये शिरले. चौधरींचं आणि माझं सख्य भाऊबंदकीतलं. "काय हो ताऱ्यांचे सर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचा ग्रह गेला म्हणे."

मी मासिक ओढून घेतलं. एका ज्योतिर्विदाने त्या ताऱ्याचा प्रकाश बारकाईने तपासून शंका काढली होती: तारा हलत नसावाच. चार दिवसांचा तो फेरा ग्रहाचा नसून ताऱ्याचा स्वतःचाच कंप असावा. म्हणजे पोर लटकलेलं नाही, माणूस आपला आपणच डुलतोय. शंका शंकेसारखी मांडली होती, 'असावा' असंच लिहिलं होतं. पण चौधरी समोर उभे होते आणि मिशीत हसत होते.

वर्षभर मी गावोगाव त्या ग्रहाचा डंका पिटला होता. माझा अगदी पाणउतारा झाला. आणि मग माझ्या डोक्यात एक भलतीच उदात्त कल्पना आली. विज्ञानात चूक झाली तर ती उघडपणे मान्य करायची असते. मग मीच गावोगाव जाऊन मान्य करतो, म्हणजे चौधरीचं तोंडही बंद होईल आणि लोकही म्हणतील, बघा, सर असावा तर असा. हे शेवटचं वाक्य तेव्हा मी मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. पण ते होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

सोनगीरला गेलो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी. सुट्टी होती म्हणून तो दिवस धरला. आखाजीला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गावात राहतात पुरुष, आणि ते झाडाखाली बसून उघडपणे पत्ते कुटतात, त्या दिवसांत त्यांना कोणी बोलत नाही. सुनंदाही नशिराबादला गेलेली. हे मला माहीत होतं. लक्षातही होतं. तरी मी गेलो.

लिंबाखाली डाव रंगात आला होता. एकाने मला बघून सरकून जागा दिली, "या सर, बसा एक डाव." मी बसलो नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं की गेल्या वेळी मी जो ग्रह सांगितला तो बहुधा नाही. तो तारा नुसताच थरथरतोय. मी चुकलो, आणि माझी चूक सांगायला मी आलो आहे.

मागून एक आवाज आला, "सर, ग्रह पयी गया का?" ग्रह पळून गेला का म्हणे. झाडाखाली हसण्याचा गडगडाट झाला, पत्ते खाली पडले. हसू ओसरल्यावर एक म्हातारे मात्र म्हणाले की माणूस सच्चा आहे, नाहीतर कोण सांगायला येतो. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मला बरं वाटलं.

आबा हसले नव्हते. त्यांनी हातातली पानं पालथी ठेवली आणि म्हणाले, "सून येऊ द्या घर. तिले इचारूत. ती शिकेल शे." शिकलेली आहे म्हणे.

मी काय म्हणावं? म्हणालो, "तिला काय विचारायचं, आबा? मीच शिकवलंय तिला."

हे माझं वाक्य. त्याचा सूर मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो, हसरा, मोठेपणाचा. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पानं उचलली आणि पुन्हा डावात लक्ष घातलं. मी संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला आलो, स्टँडवर उसाचा रस प्यायलो आणि मजेत जळगावला परतलो.

आठवडा गेला नसेल, भर दुपारी दारात सुनंदा उभी. नवरा तिला घ्यायला नशिराबादला आला होता, त्याच्याकडून तिला सगळं कळलं होतं. वैशाखाचं ऊन, तोंड लाल झालेलं. ती रडत नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम का लिहिलं ते शेवटी सांगतो. आमच्या हिने पाणी दिलं, ते तिने तसंच हातात ठेवलं.

"सर, आबा नाही म्हणाले," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"जळगावला जायचं नाही. म्हणाले, ज्याले सोताले माहीत नही तो मन्ही सूनले काय शिकाडी."

मला झोंबलं. मी म्हटलं, "अगं, चूक मान्य केली म्हणून कोणी अडाणी ठरत नाही. विज्ञानात असंच असतं. तू तरी हे समजून घे."

"पण चूक झालीच कुठे?" तिने पेला खाली ठेवला. "सर, तो तारा सूर्याएवढा. सूर्याचा कंप मिनिटांचा. त्याचा चार दिवसांचा कसा होईल? एवढा संथ वाजायला तारा किती मोठा लागेल, मी काढून बघितलं. तो तेवढा नाही. असता तर त्याचा रंग, त्याचा उजेड, सगळं वेगळं दिसलं असतं. सोनगीरला तुम्हीच वाजवून दाखवलंत. तांब्यातून हंड्याचा आवाज येतो का?"

गप्प बसवणारे जे बोलतात तेच मी बोललो. "ती माणसं मोठमोठ्या दुर्बिणींवर काम करतात. नेहमीचा नसेल, वेगळ्या जातीचा काही कंप असेल. आपण इथे जळगावात बसून त्यांना कसं खोटं म्हणायचं?"

"ग्रह आहे असं सांगताना पण आपण जळगावातच बसलो होतो, सर."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. तिचं म्हणणं सिद्ध झालेलं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. शंका काढणारा माणूस काही बावळट नव्हता, त्याने तोही विचार केलेला होता. पण तिचं म्हणणं थांबायला पुरेसं होतं. दोन महिने, चार महिने थांबून बघू, आणखी कोणी मोजतंय का ते कळू दे, एवढं म्हणायला ते भरपूर होतं. मी थांबलो नव्हतो.

जाताना ती दारात वळली. "सर, मला विचारायचं तरी. तुम्ही धुळ्यावरून एवढ्या लांब सोनगीरला गेलात. नशिराबादला आला नाहीत."

मी म्हटलं, मी आबांशी बोलतो. ती म्हणाली, "काय बोलणार? ग्रह आहे म्हणणार की नाही म्हणणार?" मला खरंच ठरवता येईना. जून आला आणि गेला. प्रवेशाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. चौधरींनी विचारलं, "तुमची ती वजावाली आली नाही का?" मी वर्गाचा तास आहे म्हणून उठलो, तास नसताना.

पुढच्या वर्षी बातमी आली. त्याच ज्योतिर्विदाने तोच तारा पुन्हा, अधिक बारकाईने तपासला होता. थरथर सापडली नाही. ज्याने शंका काढली होती त्यानेच ती जाहीरपणे मागे घेतली. ग्रह आहे. मासिक वाचून मला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला. त्याने मोजून शंका काढली, पुन्हा मोजून मागे घेतली. मी दोन्ही वेळा नुसता एसटीत बसलो होतो.

तिसऱ्यांदा सोनगीरला गेलो तो दुर्बीण न घेता. पटांगणात नाही, सरळ आबांच्या घरी. ओसरीवर ठोकाठोक चालली होती. आबांनी खूण करून ती थांबवली, मला पाट दिला. मी खाली बघतच सगळं सांगितलं. ग्रह आहे, सून बरोबर होती, मी उगाच घाई केली.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुनंदा, बाहेर ये. सर काय म्हणतस ते ऐक. बरोबर शे का ते सांग."

मी जन्मभर मास्तरकी केली, पण असा कधी फळ्यापाशी उभा राहिलो नव्हतो. सुनंदा बाहेर आली. तिला दिवस गेलेले दिसत होते. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मधेच तिने विचारलं, कोणत्या दुर्बिणीवर मोजलं, किती रात्री मोजलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तिने मान हलवली.

"बरोबर आहे, आबा," ती म्हणाली.

तेव्हा आबांचा विश्वास बसला. म्हणाले, "मंग आते धाडू का तुले जळगावले?"

सुनंदा हसली, पण त्या थंडीतल्या सतरंजीवरच्यासारखी नाही. "आता कसं, आबा?" एवढंच म्हणून चहा टाकायला आत गेली. आबा बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. त्यांची चूक नव्हती. ते तर लिंबाखालीच म्हणाले होते, तिला विचारू. त्या दिवशी गावात तेवढा एकच माणूस शास्त्रज्ञासारखा वागला होता, आणि तो पत्ते खेळत होता.

निघताना त्यांनी फडताळातून एक तांब्या काढून माझ्या हातात दिला. सुबक घडणीचा, चकचकीत. गळ्याखाली कोरलेलं, 'सौ. सुनंदा, बी.एस्सी.' आणि पुढे दोन बोटं गुळगुळीत जागा. ती जागा कशासाठी सोडली होती हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "आठे ठेईसन काय करू," इथे ठेवून काय करू, एवढंच पुटपुटले. तांब्या नको म्हणायला हवं होतं. तेही मला जमलं नाही.

सुनंदाला मुलगी झाली, नंतर मुलगा. मधे आबा गेले. मुलं शाळेत जायला लागल्यावर ती बी.एड. झाली आणि गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली. चांगली शिकवते म्हणतात, चांगलीच शिकवत असणार. पण तिला जे करायचं होतं ते हे नव्हतं, आणि ती तसं कधी दाखवतही नाही. त्या ताऱ्यांच्या कंपांवर पुढे जगभर केवढं काम झालं. तिची बुद्धी तिथे कुठवर गेली असती ते मला माहीत नाही. कदाचित फार लांब नसती गेली. बघायची संधी तिला मिळाली नाही, आणि त्यात माझा हात होता.

तांब्या आमच्या घरात रोजच्या वापरात आहे. ही दर आठवड्याला चिंच लावून घासते. नाव झिजत आलं, मोकळी जागा मात्र लखलखते. पाहुणे विचारतात, "इथे काही घालायचं राहिलंय का?" ही माझ्याकडे बघते आणि मी विषय बदलतो.

ह्या अंकासाठी संपादकांनी नोकरीतले किस्से मागितले तेव्हा मी चाळीसगावच्या खड्यापासून सुरुवात केली, आणि पेन आपोआप सोनगीरच्या रस्त्याला लागलं. लिहून झाल्यावर मी सुनंदाला फोन केला. म्हटलं, "तुझ्याबद्दल लिहिलंय. छापायला देऊ का?"

ती म्हणाली, "ह्या वेळी आधी विचारताय, सर. बरं वाटलं. मी नशिराबादला येणारच आहे, वाचून दाखवा."

आली. केस पांढरे झालेत, नजर तीच. हिने पाणी आणलं ते त्याच तांब्यातून. सुनंदाने तांब्या हातात घेतला, फिरवून नाव पाहिलं, बोटावर धरून टिचकी मारली आणि खाली ठेवला. मी वाचायला लागलो. मी वाचत असताना ती मधे एकदाच बोलली, सूर्याच्या कंपापाशी, "'साधारण' घाला." घातलं.

मग ती दुपार आली. मी लिहिलं होतं, 'सुनंदा दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.'

"थांबा," ती म्हणाली. "मी रडत नव्हते."

"अगं, मला चांगलं आठवतंय."

"मी रडत नव्हते, सर. तुम्हाला तसं आठवतं, कारण ते तुम्हाला सोयीचं आहे. रडणारी मुलगी आली असती तर तुम्ही तिची समजूत घातली असती. मी हिशोब मांडायला आले होते. त्याला तुमच्याकडे उत्तर नव्हतं."

आमची ही दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिला ती दुपार आठवत असणार म्हणून. ती म्हणाली, "नव्हती रडत. मीच पाणी दिलं होतं ना."

मी ते वाक्य खोडलं आणि सुनंदासमोरच नवीन लिहिलं. तिने कागद हातात घेऊन ते एकदा वाचलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.